माझ्या बुडाची पाच भोकं

मी एक जुना तेलाचा डबा आहे, पत्र्याचा, पंधरा किलोचा. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. रिकामा असलो आणि जरा वारा आला की माझा पत्रा टण् करतोच. मित्रांनो, डब्याला कसली आलीय काळजी, असं तुम्हाला वाटेल. अहो, आम्हा डब्यांना एकच धास्ती असते, भोक पडण्याची! भोक पडलं की थेट भंगारवाल्याची हातगाडी. ही धास्ती घेऊनच मी कारखान्यातून बाहेर पडलो.

तेल संपल्यावर मी नाशिक रोडला लंकाबाईंच्या घरी गव्हाचा डबा झालो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गॅलरी. शहाण्णव साली त्यांचे सासरे, झुंबरदादा, कळवणजवळच्या गावाहून तिथे राहायला आले. गावी ते एकटेच असत. विहिरीच्या काठावर चक्कर येऊन पडले, शेजाऱ्याने पाहिलं म्हणून वाचले. पण इथे त्यांचा पाय ठरेना. गॅलरीत नुसत्या येरझाऱ्या. कपड्यांची पिशवी दाराच्या खुंटीलाच. रोज सकाळी ती काढायचे आणि कळवणची एसटी किती वाजता आहे, ते विचारायचे. लंकाबाईंचा जीव टांगणीला. दादा गेले आणि पुन्हा विहिरीपाशीच चक्कर आली तर?

एक दिवस लंकाबाईंनी माझ्यातला गहू काढला, मला गॅलरीत ठेवलं आणि डब्यात मेथी लावायची का म्हणून दादांना विचारलं. दादा हसले. डब्यात कुठे शेती होते का! पण तेवढ्यापुरत्या येरझाऱ्या थांबल्या. त्यांनी गावाहून येणाऱ्या माणसाकडून खास आपल्या रानातली काळी, कसदार माती मागवली. मला काठोकाठ भरलं, बी टाकलं आणि पाणी दिलं ते जन्मभर देत आले तसंच. गावी पाटाच्या पाण्याची बारी आठ दिवसांनी यायची, आली की वाफा तुडुंब भरायचा. मलाही तुडुंब भरलं. माझा जीव गुदमरला, पण सांगणार कुणाला?

मेथी उगवली, पिवळी पडली आणि आडवी झाली. मला वास यायला लागला.  दादांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला घातल्या.

लंकाबाई दारात उभ्या राहिल्या. "दादा, जायचं तर जा. पण मेथी का मेली ते सांगून जा."

दादा मागे फिरले. माझ्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी चिखल काढला, हुंगला.

"वाफसाच नाय आला," ते म्हणाले. "रानात पाणी खाली जातं. इथं जाईल कुठं? माझीच चूक हाय."

वाफसा म्हणजे काय, ठाऊक आहे? माती चिखलही नको आणि कोरडीही नको. मुठीत धरली की गोळा व्हावा, बोटाने ढकलला की फुटावा. तेव्हाच मुळांना पाणी मिळतं आणि हवाही मिळते.

मग दादांनी खिळा आणि वरवंटा मागितला. मी काय ते समजलो. मला पालथं घातलं आणि ठोकायला सुरुवात केली. मी इतका ठणाणा केला की शेजारपाजारचे बाहेर आले. एक, दोन, तीन... पाच भोकं! संपलं आपलं, असं वाटलं मला.

पण दादांनी मला दोन विटांवर बसवलं, खाली परात ठेवली. काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळलं, वर चार बोटं जागा सोडली आणि पुन्हा मेथीचं बी टाकलं. आता बारीबिरी नाही. रोज मातीत बोट घालून बघायचे, कोरडं लागलं तरच पाणी. भोकांतून पहिले थेंब गळले तेव्हा मला लाज वाटली. चौथ्या दिवशी मात्र मेथीने माना वर काढल्या, आणि खरं सांगतो, मला रडूच आलं.

महिन्याभरात भाजी झाली, सगळ्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दादांनी पुन्हा पिशवी काढली. लंकाबाईंनी मेथीच्या ओळींमध्ये मिरचीची दोन रोपं आधीच खोचून ठेवली होती.

"दादा, मिरची उभी आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

उभं पीक टाकून दादांनी आयुष्यात कधी गाव सोडलं नव्हतं. त्यांनी पिशवी परत खुंटीला लावली. मिरची संपायच्या आत वांगं आलं, वांग्यानंतर पुन्हा मेथी. लंकाबाईंनी मला कधी रिकामं होऊच दिलं नाही. हा डाव दादांच्या लक्षात आला नसेल, असं मला वाटत नाही. आठ वर्षांनी ते याच घरात, आपल्या अंथरुणावर गेले. त्या दिवशी वांग्याला फूल होतं.

दोन हजार सातमध्ये घर बदलताना माझ्या धास्तीतला तो भंगारवाला अखेर आलाच. मला उचलून उलटं केलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "बाई, याला तर भोकं हायेत."

"दादांनी पाडलीत ती," लंकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा डबा रिकामा पडला असेल. त्याच्या बुडाला भोकं पाडा, माती भरा आणि रोज बोट घालून बघा. घरातलं कुणी गॅलरीत येरझाऱ्या घालत असेल, तर बी त्यांच्याच हातून टाकून घ्या. माझ्यात आत्ता मेथी आहे. म्हणून तर एवढा वारा असूनही मी वाजत नाही.