नाव न दिलेला रकाना

"मॅडम, हे तीन कॉलम तुम्ही रिकामेच ठेवलेत," गौरांग म्हणाला. "यांना नवी नावं काय देऊ?"

माधवीने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या लॅपटॉपवर वाकून पाहिलं. डावीकडे रुग्णांच्या तक्त्यातली जुनी नावं होती, उजवीकडे नवी. तळाशी डावीकडे तीन नावं मराठीत होती: गाव, सोबत कोण, सांगू नये. त्यांच्यासमोरची जागा कोरी होती.

"ही आहेत तशीच नाही का जाणार?"

"नाही ना. पुण्याच्या सर्व्हरवर सगळ्या दवाखान्यांचा डेटा एकत्र उतरतो. तिथं फक्त बारकी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतो. बाकी जे काही येईल, मधली मोकळी जागा असो की मराठी अक्षर, त्याच्या जागी अंडरस्कोर."

"आणि मी काहीच दिलं नाही तर?"

"तर सिस्टीम नियमानं स्वतःच देते. कॉपी काही थांबत नाही," तो हसला. "पण तुम्ही दिलेलं बरं. उद्या मी यवतमाळच्या दवाखान्यात आहे. मेल करून टाका."

गौरांग अमरावतीचाच, वकिलांच्या घरातला. बोलणं स्वच्छ, वागणं आदबशीर. ट्रस्टच्या या कॅन्सर रुग्णालयाचं आणि त्याच्या अकोल्याच्या केंद्राचं रेकॉर्ड त्याच्या कंपनीकडे जाणार होतं. माधवी केमिस्ट्रीतली बीएस्सी. इथल्या रेकॉर्डच्या खिडकीवर तिच्या नोकरीची निम्मी वर्षं गेली होती. सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यातले रकाने इंग्रजीच होते. हे तीन तिने मागाहून स्वतः जोडले, कारण खिडकीवर त्यांची गरज पडायची.

तिसऱ्याची सगळ्यात जास्त. पेशंटला बाकावर बसवून नातेवाईक परत यायचे, काचेतून तोंड आत घालायचे. "म्याडम, त्याईले सांगू नका बरं. गाठ म्हना, अल्सर म्हना, काही बी म्हना." मग माधवी त्या रकान्यात 'हो' भरायची. त्या एका 'हो'वर बाकीचं चालायचं. सिस्टर आधी ते पाहायची आणि मग तोंड उघडायची. पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर आजाराचं नाव छापलं जात नसे. हे बरोबर की चूक यावर डॉक्टरांमध्ये वाद होत. रकाना मात्र भरला जायचा.

चार महिन्यांपूर्वी तिने त्यात स्वतःच्या वडिलांच्या नावापुढे 'हो' भरला होता. सूर्यभान, तेल्हारा, जठराचा कॅन्सर, चौथा टप्पा. घरी सांगितलं होतं, पोटात जखम आहे, सुयांनी भरून येईल. सुया म्हणजे केमो, अकोल्याच्या केंद्रात.

गौरांग गेल्यावर ती नाव शोधत बसली. आधी तिने इंग्रजीत 'सांगू नका' अशा अर्थाचं लिहिलं. ते विजेच्या खांबावरच्या धोक्याच्या पाटीसारखं दिसलं. मग 'पेशंटला माहीत नाही' असं लिहिलं. वाचताना डोळ्यांसमोर बाबाच आले, धोतराचा सोगा धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढणारे, काहीच माहीत नसलेले. तिने तेही पुसलं. मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत लिहिला असता तरी भागलं असतं, पण तो असा दुसऱ्या लिपीत उघडा पाडावा असं तिला वाटेना. उद्या तिन्ही एकदम देऊ, म्हणून तिने पेशंटसाठी रेकॉर्डची खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी तपासणी शिबिर लागलं, चांदूर रेल्वेपासूनची गर्दी आली. मेल राहून गेला.

सोमवारी कॉपी सुरू झाली. नियमानं नियमाचं काम केलं. मराठी अक्षरं गेली, सलग अंडरस्कोर मिटून एक झाला आणि तिन्ही रकान्यांना एकच नाव मिळालं: नुसती एक आडवी रेघ. एका तक्त्यात एकाच नावाचे दोन रकाने राहू शकत नाहीत. म्हणून पहिला राहिला, बाकीचे दोन गळाले. पुण्यात सगळ्यांची गावं पोचली. कुठं लाल खूण उमटली नाही, कारण नियमाप्रमाणे चूक झालीच नव्हती.

बुधवारी सकाळी अकोल्याहून वर्षाली सिस्टरचा फोन आला.

"ताई, तुमचे बाबा आलेत सुईले. एकटेच." तिने आवाज खाली आणला. "त्याईच्या मोबाईलवर मेसेज आला आपल्या दवाखान्याचा. मराठीत हाय. नाव, आजार, कितवा टप्पा, तारीख, सारंच हाय. मले वाचून दाखव म्हने. मी म्हटलं, चष्मा नाही माझ्यापाशी. तर म्हने, राहू दे पोरी, मीच वाचला. तुयं तोंड पाहाचं होतं."

नव्या सिस्टीममधून तारखेआधी पेशंटला निरोप जाणार होता, हे माधवीला ठाऊक होतं. पाठवण्याआधी सिस्टीम 'सांगू नये'चा रकाना पाहणार होती. तो सापडला नाही, तेव्हा तिने उत्तर 'नाही' धरलं.

साहेबांना सांगून ती स्टँडवर आली आणि अकोल्याची गाडी पकडली. गौरांगला तिने निघतानाच मेसेज करून कळवलं होतं; बडनेरा मागे पडल्यावर त्याचा फोन आला. त्याचा आवाज उतरला होता.

"मॅडम, मेसेज थांबवलेत. पण सकाळचे सगळे गेले हो. मी विचारायला हवं होतं परत." मग जरा वेळाने, "आता त्या कॉलमला नाव काय देऊ?"

"सांगू, अंडरस्कोर, नये. इंग्रजी अक्षरांत."

"बस? एवढंच?"

"एवढंच," माधवी म्हणाली.

मूर्तिजापूर येईपर्यंत तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही. बाबांना काय म्हणायचं ते ती जुळवत होती. मेसेज चुकीचा आला म्हणावं. दुसऱ्या सूर्यभानचा आला म्हणावं. बाबा सहज फसणाऱ्यांतले नव्हते, पण चार महिने फसले होते.

अकोल्याच्या केंद्रात बाकं भरलेली होती. एरवी तिथं बाजारासारखा गलका असतो. आज एक बाई पदर तोंडात धरून बसली होती. तिचा नवरा मोबाईल मांडीवर पालथा घालून छताकडे पाहत होता. माधवी त्यांच्यासमोरून मान खाली घालून गेली.

बाबा आतल्या खोलीत खाटेवर होते. सुई लागलेली, टोपी उशाशी.

"काय वं माधवे, तू काहून आली? कामं नाहीत काय तुले?"

"बाबा, तो मेसेज..."

"आता खोटं नको बोलू," बाबा शांतपणे म्हणाले. "तुले जमत नाही. लहानपनी बी जमत नोयतं. तुई माय बरी बोले."

ती खाटेच्या कडेला बसली. सलाइनचा थेंब पडताना दिसत होता.

"कोनाकोनाले मालूम हाय?"

"घरच्यांना."

"अन् गावात?"

माधवीने सलाइनच्या नळीचा पीळ सोडवला.

"म्हंजे साऱ्याईले." बाबांनी मान हलवली. "तरीच चायवाला पैसे घेत नोयता. म्हने, राहू द्या काका. मले वाटलं, मानूस चांगला झाला." ते थोडं हसले, मग हसू थांबलं. "अन् गोपाल बी म्हनूनच?"

"काय म्हणून?"

"दिवाळीपासून एक डाव उलटून बोलला नाही तो मले. पाह्यटे मी उठलो का हा उठते. मी म्हतलं का हो बाबा. जिंदगीभर भांडला माह्याशी, ठिबक कुठं टाकाचं, बी कोनतं घ्याचं, ढोरं काहून ठेवता. अन् आता हो बाबा. मी लोकाईले सांगत फिरलो, पोरगा सुधरला म्हून. बापाची किंमत कयली त्याले." त्यांनी टोपी उचलून पोटावर ठेवली. "लय बरं वाटे, माधवे. झोप लागे चांगली."

"तो मनापासूनच करतो, बाबा. देखाव्यासाठी नाही करत."

"मी कुठं म्हनून राहिलो देखावा? मरनाऱ्याशी कोन भांडते?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, झोपलेला नव्हता.

थोड्या वेळाने बाबांनी मोकळ्या हाताने मोबाईल काढला. "गोपालले मालूम हाय का, मले मेसेज आला ते?"

"नाही. मी अजून कोणालाच सांगितलं नाही."

त्यांनी बटन दाबलं आणि फोन कानापासून लांब धरला. त्यांना तसाच ऐकू येई. गोपालचा आवाज खोलीत आला. "हां बाबा, लागली का सुई? मी येऊ का घ्याले?"

"ते नाही. आयक. रस्त्याकडची तूर हाय न, उद्या उपटून टाक."

"कोनती तूर?"

"रस्त्याकडची. सारी. मले तिथं भुईमूग लावाचा हाय."

माधवीने बाबांकडे पाहिलं. रस्त्याकडची तूर शेंगांनी लगडलेली होती. पंधरवड्यात सोंगणीला येणार होती. पलीकडे गोपाल गप्प होता. बाबा कोपरावर उठून बसले, सुईचा हातही त्यांनी उचलला. त्यांचा चेहरा एकदम तरतरीत झाला. बोल न बे, असं ते मनातल्या मनात म्हणत असावेत. बोल, बुढ्याचं डोकं फिरलं म्हन.

"बरं, बाबा," गोपाल म्हणाला. "तुमी म्हनसान तसं."

"सारी उपटतं? शेंगा भरल्या असतीन न बे."

"असू द्या, बाबा. उद्याच बाया लावतो. तुमी टेन्शन नका घेऊ. जेवले का?"

"जेवलो," बाबा म्हणाले. ते जेवले नव्हते.

फोन बंद झाला. बाबा अजून कोपरावरच होते. स्क्रीन मंद झाली, मग काळी पडली. त्यांनी फोन फिरवून एकदा पाहिला आणि या वेळी अगदी कानाला लावून धरला.