डिस्क चालली

खंडेनवमीला रामकिशनकाकांनी दुकानातला कॉम्प्युटर पुजला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होईना. पडदा काळा, आतून नुसतं कट, कट, घर्र. डोंगरकडा गावात लाउडस्पीकर भाड्याने देणं आणि कॅसेटी भरून देणं हा काकांचा धंदा. मी त्यांची पुतणी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून दुकानात बिघडेल ते माझ्यापुढे येई.

समोर बाकावर मल्हारी धनगर आणि त्याची बायको भागाबाई बसून होती. उन्हाळ्यात मल्हारीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला. त्याआधी काकांनी त्याच्या ओव्या आणि मेंढरांना घालायची हाक कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर भरून घेतली होती. दसरा झाला की कॅसेट देतो, असं कबूलही केलं होतं. उद्या सकाळी त्यांचा कळप चराईला दूर निघणार होता.

"माह्या हाकेला मेंढरं मान बी वर करत न्हाईत," भागाबाई म्हणाली. "यांच्याच हाकेवर वाढलेली. रानात पांगली त गोळा कोण करील?"

मल्हारी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला.

"गेली का गं डिस्क?" काकांनी विचारलं.

"बघू द्या."

"सकाळपसून तेच म्हणून राहिलीस. दुपारी लाईट जाईल."

मी मीटर लावून व्होल्ट मोजले, बरोबर होते. डिस्कची केबल बदलली, कट, कट. केबल काढूनच टाकली, नुसता करंट दिला. तरी कट, कट. म्हणजे दोष डिस्कमध्येच. पण केवढा? प्रत्येक तपासणीत ती आणखी झिजत होती. ते कळत होतं, तरी माझे हात थांबत नव्हते.

शेवटी मी डिस्क बाहेर काढून पूजेच्या पाटावर सपाट ठेवली आणि करंट दिला. गप्प. नीट ऐकावं म्हणून बंद करून कानाशी उभी धरली, पुन्हा करंट दिला. कट, कट. परत पाटावर. गप्प.

"काय करून राहिली ही?" भागाबाई म्हणाली. "लेकरावानी उचलती काय, निजवती काय!"

"उचललं की रडते, निजवलं की गप्प," मी म्हणाले आणि माझंच मला खटकलं. मी कॉम्प्युटरच्या खोक्याकडे पाहिलं. तो टेबलावर आडवा पडला होता. वरच्या बाजूला वाळलेलं कुंकू आणि झेंडूचं फूल.

"काका, खोका आडवा काहून?"

"मंग? उभ्यावर फूल ठरंना. आडवा केला अन् मस्त पूजा केली." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पूजेनं गेली का काय?"

खोका उभा असताना डिस्क आत सपाट असायची. खोका आडवा झाला, तशी ती कुशीवर गेली. चांगली डिस्क कशीही फिरते. हिचं बेअरिंग झिजलेलं होतं. सपाट असेपर्यंत कसंबसं निभावत होतं.

"पूजेनं काही झालं न्हाई. पूजेनं कळलं. डिस्क चालली."

"चालली?" काका उठूनच उभे राहिले. "भागाबाई, चालली बगा!"

"तसं न्हाई काका. जायला निघाली."

काका हळूच खाली बसले.

दुसरी डिस्क दुकानात नव्हती आणि फ्लॉपीत एवढं मावणार नव्हतं. मी डिस्क पाटावरच ठेवून केबल जोडली, कॉम्प्युटर सुरू झाला, तशी त्याची वायर टेपरेकॉर्डरला लावली. वाजेल तसं भरून घ्यायचं. पण एकाच रेकॉर्डिंगमध्ये ओव्या आधी होत्या, हाक अगदी शेवटी. दोन्ही हाती लागेल याची खात्री नव्हती.

"मल्हारीमामा, पयले काय घेऊ?"

त्याने तोंडाभोवती दोन्ही तळवे धरले. हाक.

"ओव्या जातील तुमच्या," भागाबाई म्हणाली. त्याने तिच्याकडे न बघता पुन्हा तळवे धरले.

मी शेवटाकडे गेले. एक कट. आणि मग दुकानभर त्याची हाक घुमली, लांब, वर चढत जाणारी. कॅसेट फिरत होती. मल्हारीचे ओठ हाकेबरोबर हलत होते.

हाक संपताच मी सुरुवातीला आले. ओवीचा पहिला शब्द लागला, अर्धाच. कट, कट, कट. पडदा गोठला. आता सपाट असूनही आवाज थांबेना.

"आता?" काकांनी विचारलं.

"गेली."

मल्हारीने मान हलवली आणि कॅसेटसाठी हात पुढे केला. बाहेर जाऊन त्याने सेलवर चालणाऱ्या त्यांच्या टेपरेकॉर्डरमध्ये ती घातली, बटण दाबलं. समोर कडुलिंबाला बांधलेला त्यांचा मेंढा मान ताठ करून उठला आणि दावं ताणत ओरडला. मल्हारीने झटकन बटण बंद केलं आणि भागाबाईवर बोट रोखलं.

"कळलं," ती म्हणाली. "सांजच्यालाच वाजवीन. उगं वाजवली त मेंढरं खोटं समजतील."