पाच दात्यांची फणी

"दाते चारच आहेत," रझकी म्हणाला आणि त्याने पैसे काढायची चिठ्ठी बँकेच्या खिडकीच्या काचेखालून परत सरकवली.

यम्माने, माझ्या आईने, ती डोळ्यांजवळ नेली. "चष्मा बदल तुझा."

"चष्मा ठीक आहे, मावशी. सहीच्या नमुन्याच्या कार्डावर पाच आहेत. हे बघा." त्याने कार्ड दाखवलं, पण हातातून सोडलं नाही. यम्मानेही वाकून पाहिलं, पण पिशवीवरची मूठ सोडली नाही. सहा वर्षं ते दोघं एकमेकांना असेच भेटत होते.

बाबा फ्रान्समध्ये एकतीस वर्षं लोखंडाच्या भट्टीवर होते. ते गेल्यावर अर्धी पेन्शन आईच्या नावे झाली. ती युरोत यायची म्हणून इथल्या अझाझगा शहरातल्या बँकेत परकी चलनाचं खातं उघडावं लागलं. त्या दिवशी रझकीने शाईचा डबा पुढे केला होता. लिहिता न येणाऱ्याने अंगठा द्यायचा आणि प्रत्येक वेळी दोन साक्षीदार आणायचे, असा नियम.

"दोन साक्षीदार म्हणजे चार कान," यम्मा म्हणाली होती. "संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला माझे युरो पाठ." मग तिने पेन घेतलं आणि घोंगडीच्या काठावर जे आयुष्यभर विणलं तेच काढलं. वर एक चौकोन, खाली पाच दात्यांची फणी.

"हे चित्र झालं, मावशी. सही नाही."

"तुझी काढ बघू. ...हे काय? कागदावरून गांडूळ गेलंय."

मोठे साहेब हसले आणि फणी मंजूर झाली. नंतरच्या सहा वर्षांत तिचा एक दाता कधी वाकला नाही.

मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून तिच्याजवळच राहत होते. माझ्या शाळेच्या पगारात तेल, गॅस, औषधं चालायची. युरो कुठे जातात, ते ती सांगत नसे. फ्रान्समध्ये मार्सेयला असणाऱ्या माझ्या भावाकडे, मोक्रानकडे, जात असावेत असा माझा संशय होता. तो फोन करायचा ईदला. वसंतात तिचे गुडघे गेले, तेव्हा माझ्या सहीने पैसे काढता यावेत म्हणून मी मुखत्यारीचा कागद आणला. तिने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

"हे मी मेल्यावर, की जिवंत असताना?"

"जिवंत असताना."

"मग माझ्याकडे काय उरलं?" तिने कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवला. त्यानंतर पैसे मोजताना ती माझ्याकडे पाठ करायची. ते मी विसरले नाही.

एरवी मी बँकेबाहेर थांबायचे. त्या चार दात्यांच्या दिवशी तिला पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून आत गेले. तिला खात्यातले सगळे युरो हवे होते. कशाला, असं मी गाडीत विचारलं होतं. "लागतात," एवढंच उत्तर मिळालं.

दुसऱ्या चिठ्ठीवर दाते खाली घसरले. तिसऱ्या वेळी पेन हातातून पडलं.

"पेन सडकं आहे तुमचं," ती म्हणाली.

हे सोंग आहे, असं मला वाटलं. मी शेजारी उभी होते, आकडा मला दिसला असता, म्हणून ती मुद्दाम चुकवते आहे. उद्या एकटी येईल. डोळे मिटून मागावरचा चुकलेला धागा सांगणारी बाई चार दाते काढते, हे मी मानायलाच तयार नव्हते.

मागे रांग वाढली होती. रझकीने पुढे वाकून आवाज खाली आणला. "मास्तरीणबाई, तुम्ही लेक आहात. ही सही आईचीच, एवढं सांगा आणि खाली तुमची करा. दुसरा साक्षीदार मी होतो. देऊन टाकतो त्यांचे पैसे."

यम्माने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. बाजारात भाव विचारून थांबावं, तशी ती थांबली होती.

"तिचं ती बघते," मी म्हणाले. "मला त्यातलं काही माहीत नाही."

परतीच्या गाडीत गावाचं वळण आल्यावर ती म्हणाली, "तुझी सही छान आहे. वळणदार." रात्री ती डाव्या हाताने सूप प्यायली. तो मला रुसवा वाटला.

सकाळी ती उठली नाही. मेंदूत रक्त साकळलं होतं. "आदल्या दिवशी हाताला काही जाणवलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर मोक्रानचा फोन आला. "खात्यात किती आहेत? तू काढलेस का काही?" मी ठेवून दिला. शेजारची वीझा पोळ्या घेऊन आली. "फ्रान्सच्या पेन्शनवाल्यांना इतक्यात कशाला कळवतेस गं? हयातीचा दाखला आत्ताच तर गेलाय. वरच्या आळीतला म्हातारा मरून तीन वर्षं झाली, अजून पेन्शन खातोय. आणि तुझ्या आईची सही म्हणजे काय, फणीच तर काढायची."

वीझा गेल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर फणी काढली. पाच दाते, सरळ. हुबेहूब आली. मी पान फाडून चुलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेले.

रझकीने तो दोनदा वाचला. "देव त्यांना शांती देवो," म्हणाला. "मला कधी चांगला म्हणाल्या नाहीत, पण खिडकी नेहमी माझीच घ्यायच्या." त्याने फाईल उघडली. आत तीन चिठ्ठ्या टाचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर लाल अक्षरांत: सही जुळत नाही.

"बघू शकते?"

त्याने त्या काचेखालून सरकवल्या आणि हात काढून घेतला.

पहिलीवर चार दाते. दुसरीवर घसरलेले. तिसरीवर नुसता चौकोन होता, एका बाजूने उघडा, आणि त्याच्यातून निघालेली एक रेघ उजवीकडे खाली खाली जात कागदाच्या कडेवर संपत होती.

"ही माझ्या आईची सही आहे," मी म्हणाले. आवाज वर्गात लागतो तेवढा मोठा निघाला. "तिन्ही तिच्याच आहेत. मी ओळखते."

रझकीने चष्मा काढला. "आता त्याचा उपयोग नाही हो, बाई."

"माहीत आहे," मी म्हणाले. "साक्षीदाराने सही कुठे करायची, ते सांगा."