रॉबिनची मूळव्याध

रॉबिनला मूळव्याध नव्हती. तरी शिरूरच्या अख्ख्या चर्चनं तिच्यासाठी डोळे मिटून प्रार्थना केली, आणि ती आठवड्यात गेली. मुळात नव्हतीच, त्यामुळे देवालाही फार श्रम पडले नाहीत.

होते ते चामखीळ, आणि तेही अशा जागी, की आईला सांगायला मूळव्याध परवडली. जाळले, गोठवले, मलमं चोपडली. ते भाडेकरूंसारखे परत यायचे. शेवटी दौंडच्या डॉक्टरांनी लाल उजेडाचा उपचार काढला. आधी तिथं जेल लावायचं, वरून झाकायचं, तासन्‌तास बसायचं, मग दिवा. कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी उरकून रॉबिन गॉगल घालून आडवा व्हायचा. खाली मिरची लागल्यागत आग, शेजारी सिस्टर टेबलफॅन धरून उभी.

"दिवा त्याचं काम करेल," डॉक्टर म्हणाले. "होणाऱ्या बायकोला सांगितलंत? हा विषाणू आहे. तिची तपासणी, लस बघायला हवी."

"सांगतो की," रॉबिन दर खेपेला म्हणायचा.

इकडे चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार करायच्या घोषणांपैकी दोन झाल्या होत्या. कुणाची हरकत आली नव्हती. होणारी सासू कस्तुराबाई जावयाची मूळव्याध परत येऊ नये म्हणून शुक्रवारी उपास धरायची आणि सुरणाची भाजी धाडायची. रॉबिन ती खायचा.

शेवटच्या घोषणेच्या आदल्या दिवशी त्यानं होणाऱ्या बायकोला, इवाला, रसवंतीवर गाठून सगळं सांगितलं. तिनं ग्लास खाली ठेवला.

"कवापासून?"

"साखरपुड्याच्या आधीपासून. पन आता बरं होतंय."

"आजाराचं न्हाई विचारत. खोटं कवापासून बोलतोयस? माझी आई उपाशी मरतीय तिकडं."

"इवा, हात जोडतो. कुणाला सांगू नको."

"न्हाई सांगणार," ती म्हणाली.

रविवारी पाळकसाहेबांनी शेवटची घोषणा वाचली. "कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी."

इवा उभी राहिली. "माझी हाय."

"तुझीच? कारण काय, बाळ?"

इवानं रॉबिनकडं पाहिलं. चांगला वेळ देऊन पाहिलं. तो गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसला होता. पुस्तक उलटं होतं.

"मूळव्याध," इवा म्हणाली.

बाकाबाकांवरून कुजबुज उठली. "एवढ्यासाठी?" "लईच नाजूक पोरगी!" "सुटला बिचारा!" कस्तुराबाईनं पदरात तोंड लपवलं.

रॉबिनची आई दयाबाई ताडकन उठली. "अगं पन ती बरी झाली की! आपन सगळ्यांनी मिळून बरी केली!"

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली.

रॉबिनही म्हणाला.