शुक्रवारची लाइट

बाळाराम तरेच्या पोरीच्या लग्नाला तिचा सख्खा मामा आला नाही. पण हे घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. भिवंडीच्या नारपोलीत सगळे तसंच धरतात. लग्नाच्या अल्बममध्ये मामाच्या जागी फुलांची कुंडी आहे, तिलाही कोणी काही विचारत नाही.

गोदामांना जमीन दिल्यावर बाळारामने घरात कॉम्प्युटर आणला. लाइट तेव्हा मनात येईल तशी जायची. परत आली की कॉम्प्युटर निळा पडून इंग्रजीत काहीतरी ऐकवायचा. कॉलेजात जाणाऱ्या दिपालीने बापाला अर्थ सांगितला: तुम्ही मला नीट बंद केलं नाहीत, पुन्हा हे ऐकायचं नसेल तर नीट बंद करत जा.

"मी हात पन लावला न्हाय त्याला," बाळाराम म्हणाला. "लाइटवाल्यांना बोल म्हनावं."

"त्याला लाइटवाले माहीत नाय, बाबा. तुम्हीच माहीत."

न केलेल्या गोष्टीसाठी आपल्याच घरात रोज बोलणी खाणं बाळारामला लागलं. त्याने उपाय काढला. लाइट आधी रस्त्यापलीकडची जायची, मग त्याच्याकडची. पलीकडचे कापड विणणारे लूम गप्प झाले की मधे चहा पिण्याएवढा वेळ मिळे. बाळाराम कान तिकडे लावून बसू लागला. खडखडाट थांबला की जेवता जेवता उठायचा आणि डाव्या हाताने, शिकवल्याप्रमाणे, कॉम्प्युटर नीट बंद करायचा. बोलणी थांबली. माणसाळला आता, असं तो पाहुण्यांना सांगू लागला.

मग दिपालीचं लग्न ठरलं आणि पत्रिका घरच्याच कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. आगऱ्यांच्या पत्रिकेत ज्याचं नाव नाही त्याला आमंत्रण नाही, मग मांडव त्याने का घातलेला असेना. दिपालीच्या आईच्या, कमळाच्या, माहेरची नावं शेवटी राहिली, कारण कोण वर आणि कोण खाली यावर तिच्या माहेरगावी, खारबावात, एकमत होत नव्हतं. ते एका शुक्रवारी दुपारी झालं. दिपालीने दौलतमामाचं नाव ठळक अक्षरात घातलं, घरभर वाचून दाखवलं आणि मायलेकी साड्या बघायला गेल्या.

बाळारामचा डोळा लागला. उघडला तर बाहेर एकही लूम चालत नव्हता. तो धडपडत उठला. शुक्रवारी लूमना सुट्टी असते हे भिवंडीतलं कुत्रंही सांगेल, पण कुत्र्याकडे कॉम्प्युटर नसतो. बंद होण्याआधी कॉम्प्युटरने विचारलं, आज लिहिलेलं ठेवू का? जमीन मागणाऱ्या दलालांमुळे बाळारामला, कोणी काहीही विचारलं की आधी नाही म्हणायची सवय. त्याने नाही म्हटलं.

शनिवारी कॉम्प्युटर एक शब्द न बोलता सुरू झाला. घरभर वाचून झालेली पत्रिका परत कोण वाचतो? फ्लॉपीतून ती छापखान्यात गेली. खारबावात वाटली तेव्हा कळलं की तिच्यात मामाकडचं कोणीच नाही.

बाळाराम मेव्हण्याला भेटायला गेला. लाइट गेली, त्यात नाव गेलं, असं त्याने सांगितलं. खरं सांगितलं असतं तर कोणाला पटलं नसतं. दौलतने दाजीला नुसता चहा दिला, हेच वाईट लक्षण होतं.

"दाजी, लाइटच्या हापिसाचा कागद आना," तो म्हणाला. "त्या दिवशी लाइट गेलती म्हनून. मंग पोरीला मीच मांडवात आनीन. न्हायतर न्हाय."

अडचण एवढीच होती की त्या शुक्रवारी, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, लाइट दिवसभरात एकदाही गेली नव्हती. बाळारामने अर्ज सांगितला, दिपालीने टाइप केला, आणि या वेळी कॉम्प्युटरने विचारल्यावर दोघंही एकदम हो म्हणाले:

"महोदय, गेल्या शुक्रवारी आपल्याकडून वीजपुरवठा खंडित झाला नाही, याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. तथापि घरी मंगलकार्य असल्याने सदर दिवसाची वीज मागील तारखेने बंद करण्यात यावी व तसा दाखला अर्जदाराच्या मेव्हण्याच्या नावे, ठळक अक्षरात, देण्यात यावा, ही नम्र विनंती."