एंटरवर ठेवलेलं बोट

लिफ्टच्या नियंत्रक डब्या बनवणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि ते काही निव्वळ कौतुकाने नव्हे. डबीतल्या चिमुकल्या प्रोसेसरसाठी कर्नेल, म्हणजे त्याला चालवणारा मूळ प्रोग्राम बांधायचा, तर आधी संगणकाच्या प्रश्नांची सरबत्ती झेलायची: हे घेऊ का, ते वगळू का? डबीत जागा मोजकी, तेव्हा हवं तेवढंच ठेवायचं. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा, मगच उत्तर द्यायचं, हा मास्तरांचा दंडक. कोणी न वाचता एंटर दाबताना दिसला, की "कोऱ्या कागदावर पण अशीच सही करतोस का रे?" म्हणून चारचौघांत त्याची हजेरी घेत.

आणि नव्या प्रोसेसरच्या वेळी त्यांनी स्वतःच एंटरवर बोट ठेवलं, ते उचललंच नाही. घाई कसलीच नव्हती. मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव रंगात आला होता, एवढंच. मागच्या प्रोसेसरची उत्तरं तशीच पुढे आणली होती. नुसतं एंटर दाबलं की नव्या प्रश्नांना संगणकाची ठरावीक उत्तरं पडतात, तशी पडत गेली. त्यात एक प्रश्न राखणदाराचा होता. डबी मध्येच गोठली, तर तिला लगेच पुन्हा सुरू करतो तो राखणदार. त्याचं ठरावीक उत्तर होतं, नको.

पुढे गिऱ्हाइकाच्या इमारतीत वीज जराशी डोळा मिचकावून गेली. डबी गोठली, ती गोठलेलीच राहिली, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली. आत एक म्हातारी होती. तिला काही इजा झाली नाही, पण बाहेर काढल्यावर ती जिन्याचा कठडा सोडेना.

कंपनीच्या साहेबांनी खापर फोडलं डबीतल्या सर्किट बोर्डावर, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या ताईंवर. ताई भिंग लावून बोर्डावरच्या तारांचा एकेक सांधा तपासत बसल्या, संशय येईल तो उसवून पुन्हा जोडू लागल्या.

मास्तरांनी सहज म्हणून कर्नेलची उत्तरं उघडली आणि राखणदारापुढचं ते उत्तर त्यांना दिसलं. आजूबाजूला पाहिलं. मग "नको"चं "हवा" केलं, कर्नेल नव्याने बांधलं आणि मुकाट्याने डबीत भरलं.

डबी ठणठणीत चालू लागली. वीज घालवून पाहिली, झटके देऊन पाहिले, डबी लगेच सावरे.

"मास्तर, सांधाच कच्चा होता हो माझा," ताई म्हणाल्या. कपाळावर भिंगाच्या पट्ट्याचा वळ उमटला होता. "हात थरथरतात की काय आताशा, कोण जाणे."

"छे हो, होतं असं," मास्तर म्हणाले. धीर दिल्याबद्दल ताईंनी त्यांना चहा आणून दिला. तो त्यांनी प्यायला, हे त्यांना पुढे सगळ्यात जास्त टोचलं.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी साहेब म्हणाले, "पुढचे बोर्ड आपण बाहेरून बनवून घेऊ. ताई, काय झालं ते तुम्हीच सांगा यांना."

ताई उठल्या. बोटावर सांधे जोडताना भाजल्याचा ताजा फोड होता. "चूक माझ्या हातून—"

"बसा ताई," मास्तर म्हणाले. मग मान खाली घालून सगळं सांगितलं. बुद्धिबळही.

कोणीतरी खाकरलं. साहेब पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. शेवटी म्हणाले, "मग बोर्ड इथेच बनतील."

बैठक उठली तरी मास्तर जागचे हलले नाहीत. ताई दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"डबी चालली तेव्हाच तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी हातांना बोल लावत होते."

ताई मास्तरांना त्यांच्या टेबलाशी घेऊन गेल्या. संगणकापुढे दुसरी खुर्ची ओढली.

"पहिल्यापासून घ्या," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाचा. मला समजलं असं मी म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि शाळकरी पोराच्या आवाजात पहिला प्रश्न वाचला.

"नाही समजलं," ताई म्हणाल्या. "पुन्हा."