सहा घरांची दोरी

ज्याची किल्ली एकाच माणसाच्या पर्समध्ये असते, असं एक तरी कपाट प्रत्येक शाळेत असतं. तुमच्याही कचेरीत असेल, बघा आठवून! या शाळेत ते कपाट चौथीच्या बाईंचं होतं आणि त्यापायी शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नावच पडलं होतं, कुलूपबाई. अर्थात माघारी. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती?

शिकवण्यात मात्र बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यातही अपूर्णांक! ज्या विषयाने भल्याभल्यांना घाम फुटतो, तो त्यांच्या वर्गात पोरं हसत-खेळत शिकायची. कागदाच्या रंगीत पट्ट्या, त्यांच्या घड्या, आणि नेमक्या क्षणी विचारायचा नेमका प्रश्न, हे सगळं बाईंनी वर्षानुवर्षं खपून स्वतः शोधलं होतं. पट्ट्या कपाटात असायच्या आणि प्रश्न बाईंच्या डोक्यात.

आता गंमत ऐका. शिक्षकांनीच शिक्षकांसाठी चालवलेलं एक संकेतस्थळ होतं. कोणी त्यावर आपल्या प्रयोगाचा व्हिडिओ टाकायचं, कोणी स्वाध्याय, कोणी कविता शिकवायची रीत. बाई रोज जेवणं झाली की मोबाइल घेऊन बसायच्या आणि हवं ते खुशाल उतरवून घ्यायच्या. पण स्वतःचं एक चिटोरं त्यावर टाकलं असेल तर शपथ!

"बाई, तुमचे अपूर्णांक टाका की एकदा," मुख्याध्यापिका म्हणायच्या.

"मी राबायचं आणि दुसऱ्यांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या? नको हो!"

एकदा बाईंना वाटलं, कपाट उघडलं की खालच्या कप्प्यातल्या पट्ट्या उगाच कोणाच्याही नजरेला पडतात. त्या वरच्या कप्प्यात दडवायला म्हणून त्या स्टुलावर चढल्या, स्टूल डगमगलं, आणि बाई खाली! पायाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घालून सांगितलं, दीड महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

वर्ग नव्या सरांकडे गेला. पोरगा कष्टाळू होता, पण नुकताच नोकरीला लागलेला. आठवड्याभरातच त्याचा फोन आला.

"बाई, पोरं अर्ध्यात तिसरा हिस्सा मिळवतात आणि उत्तर दोन पंचमांश लिहितात. वरचे आकडे वर मिळवायचे, खालचे खाली! सांगून सांगून घसा बसला माझा. आता तर गणिताचा तास आला की कोणाचं पोट दुखतं, कोणाचं डोकं. पुढच्या वर्षीचं सगळं गणित यावर उभं आहे. काय करू?"

"पुस्तकात दिलंय तसं शिकवा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग नवऱ्याकडे बघून समाधानाने हसल्या. "बघितलंत? माझ्यावाचून पान हलत नाही तिथे!"

नवऱ्याने मान डोलवली. पंचवीस वर्षांच्या संसारात कुठे मान डोलवावी हे तो शिकला होता. पण बाईंची नणंद तिथेच बसली होती. ती हॉस्पिटलात मोठी नर्स. ड्यूटी संपवून भावजयीच्या मदतीला यायची, आणि मनातलं ओठावर यायला तिला वेळ लागत नसे.

"वहिनी, एक विचारू? हसलात कशाला?"

"मग काय रडू, वन्सं?"

"पोरांची पोटं दुखताहेत, आणि तुम्हाला हसू येतंय! अहो, आमची ड्यूटी बदलते तेव्हा आम्ही पुढच्या नर्सला खाटेपाशी नेऊन सगळं सांगतो. याला कुठलं औषध दिलं, त्याला रात्री कशाने आराम पडला. एखादी म्हणाली, माझी युक्ती मी नाही सांगणार, शोधा तुमची तुम्ही, तर मरेल कोण? नर्स नाही मरणार, रोगी मरेल!"

"शाळा म्हणजे काय हॉस्पिटल आहे?"

"नाही ना. म्हणून तर तुमचं खपून जातं. गणिताची धास्ती घेतलेलं पोर मरत नाही. ते जन्मभर म्हणत राहतं, आपल्याला हे जमायचं नाही."

बाईंना राग आला. त्या पुटपुटल्या, "दुसरे लोक माझ्या कष्टांवर मिरवतील त्याचं काय?"

"आणि तुम्ही रोज दुसऱ्यांचं उतरवून घेता, तेव्हा कोण मिरवतं?"

झालं! बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. इतकी वर्षं त्यांच्या हे मनातही आलं नव्हतं. घेताना त्यांचा हात कधी आखडला नव्हता, द्यायच्या वेळी मात्र मूठ आवळली होती. आणि त्या मुठीपायी आज त्यांचीच पोरं गणिताला भ्यायला लागली होती!

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मोबाइल घ्या. आणि वन्सं, ते रंगीत कागद द्या इकडे."

प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बाईंनी पलंगावरच पाठ घेतला. अगदी मन लावून. संपल्यावर बघतात तर काय, पहिल्यापासून शेवटपर्यंत नवऱ्याचंच तोंड! कॅमेरा उलटा लागला होता. गृहस्थ पाठभर मान डोलवत होते.

"तुम्हाला तरी कळले ना अपूर्णांक?" बाई करवादल्या, आणि तिघंही पोट धरून हसली.

दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. बाईंनी पट्टीची घडी घालून दाखवली आणि आपला लाखमोलाचा प्रश्न जगापुढे ठेवला. "दोन पंचमांश म्हणता ना? मग हे अर्ध्याहून कमी आहे की जास्त? कमी! अर्ध्यात आणखी भर घातली, तर अर्ध्याहून कमी कसं झालं? हे पोरांना विचारा आणि गप्प बसा. त्यांना डोकं खाजवू द्या. मगच पट्टीचे सहा भाग करा."

"एक राहिलं," नणंद म्हणाली. "कुठल्या औषधाने गुण आला नाही, तेही आम्ही सांगतो."

बाई घुटमळल्या. मग कॅमेऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "माझ्या वर्गात जाड भिंगाचा चष्मा लावणारी एक मुलगी आहे. तिला घड्या दिसत नाहीत. मी तिला शेजारणीचं बघून लिहायला सांगते. हे बरोबर नाही, मला ठाऊक आहे. कोणाला उपाय सापडला असेल तर सांगा."

व्हिडिओ संकेतस्थळावर गेला. नव्या सरांनी तो त्या संध्याकाळी तीनदा बघितला आणि दुसऱ्याच दिवशी तसं शिकवलं. "बाई, पोटदुखी थांबली!" असा त्याचा फोन आला. पुढच्या आठवड्यात कुठल्याशा लांबच्या गावातल्या एका शिक्षिकेने व्हिडिओखाली लिहिलं, "ताई, तुमचा प्रश्न वर्गात विचारला, पोरं उडालीच! माझ्या वर्गातल्या एकाला अजिबात दिसत नाही. त्याच्यासाठी मी पट्टीऐवजी दोरी घेते. सारख्या अंतरावर गाठी मारून सहा घरं करते. तो बोटांनी मोजतो."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी नव्या सरांना फोन लावला.

प्लास्टर निघालं. काठी टेकत बाई शाळेत आल्या. वर्गात गणिताचाच तास चालू होता, म्हणून त्या दारातच थांबल्या. जाड भिंगाची ती मुलगी फळ्यापाशी उभी होती आणि तिच्या हातात दोरी होती.

"अर्धी दोरी म्हणजे तीन घरं," ती गाठी चाचपत म्हणाली. "तिसरा हिस्सा म्हणजे दोन घरं. मिळून पाच. सहातली पाच!"

"शेजारणीचं तर बघितलं नाहीस ना?" सरांनी चेष्टेने विचारलं.

"छे! आता तीच माझं बघते!"

वर्ग खो खो हसला. दारात बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत उभ्या राहिल्या. "ही पोर इतके महिने माझ्या समोर बसली, आणि माझी युक्ती तिच्यापर्यंत पोचली नाही. जिला मी बघितलंही नाही, त्या बाईने ती पोचवली. मी मूठ उघडली नसती तर पोर तशीच पाचवीत गेली असती!"

मंडळी, शिक्षक असा, नर्स असा, सुतार असा की कारकून, आपल्याला जे येतं ते आपल्यापाशी ठेवलं तर आपल्याच हाताएवढं राहतं. ते दुसऱ्याला द्या, आणि जे जमलं नाही तेही मोकळेपणाने सांगा. आपला हात जिथे पोचत नाही, तिथेही एखादं पोर वाट बघत बसलेलं असतं!